माफी आपल्याच पानावर

महोदय,

गेल्या आठवड्यात मी एका माणसाला फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर अनब्लॉक केले. वर्तमानपत्राला कळवण्याजोगी ही बातमी नव्हे. पण भांडणाचे मूळ आपल्याच पत्रांच्या पानावर आहे, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी गोव्यात कोकणीबरोबर मराठीलाही राजभाषेचा दर्जा मिळावा, असे माझे पत्र आपण छापले. मी हौसेने त्याचे कात्रण फेसबुकवर टाकले. आमच्याच वाड्यावरच्या मित्राने खाली कोकणीत लिहिले, ‘पेन्सन मराठी शाळेची, देखून (म्हणून) मराठी गोड!’ मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. बोचले, पण त्यात थट्टा होती, हे तेव्हाही कळत होते. तरी उत्तर देताना मी त्याच्या मुलाला मध्ये ओढले. काय लिहिले ते इथे पुन्हा लिहीत नाही. एका रात्री त्याने विश्वासाने सांगितलेली ती गोष्ट होती, एवढेच सांगतो. माझ्या माजी विद्यार्थ्यांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. अकराच्या सुमारास मी त्याला ब्लॉक केले. रागापेक्षा, त्याचे उत्तर वाचावे लागू नये म्हणून.

खरे तर याच विषयावर आम्ही याहून मोठे भांडलो आहोत. १९८६ साली तो कोकणीच्या मोर्चात, मी मराठीच्या. सकाळी कदंबच्या एकाच बसने जायचे, तोंडे दोन खिडक्यांकडे. पण हा कोकणीचा कट्टर पुरस्कर्ता जत्रेतल्या मराठी नाटकात औरंगजेब करायचा आणि प्रॉम्प्टिंगला मी. माझ्याशिवाय त्याला तिसरा अंक पार करता येत नसे (हे त्याला मान्य नाही). ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधेयक संमत झाले. देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वाट्याला सरकारी कामात वापराची मुभा आली. दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात! मी हात पुढे केला नाही. आईने केला. त्याला आत बसवून चहाही दिला. मी मागच्या पडवीत बसून राहिलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तालीम होती, ती आम्ही दोघांनीही चुकवली नाही.

आता फोनवरचे बटण दाबले आणि चार वर्षे गेली. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरतीचे पथक घरोघर फिरते, त्यात तो घुमट वाजवतो, मडक्याच्या तोंडावर कातडे ताणलेले आमचे वाद्य. पथक आमच्या अंगणात शिरले की तो बाहेर रस्त्यावर विडी ओढत उभा राहतो. आत दुसराच कोणीतरी घुमट धरतो आणि ताल पडतो. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभा राहून मी आरती म्हणतो आणि दाराबाहेर तो ठिणगीएवढा दिसतो.

व्हॉट्सॲपवर ब्लॉक केले तरी एकाच ग्रुपमध्ये असलो तर त्याचे लिहिलेले दिसतेच. आरतीच्या ग्रुपवर त्याने परवा घुमटाचा फोटो टाकला. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यापासून सगळे बकऱ्याचे कातडे लावतात. त्याला नाद पसंत नसे, यंदा मात्र मनासारखे बसले म्हणतो. खाली सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकणार होतो, बोट तिथपर्यंत गेले. मग सेटिंग्जमध्ये गेलो.

फेसबुक बजावते की अनब्लॉक केल्यावर ४८ तास पुन्हा ब्लॉक करता येणार नाही. त्या दोन दिवसांत मी फोन जितका उघडून पाहिला तितका मुलीच्या बाळंतपणातही पाहिला नव्हता. काही आले नाही. येणार कुठून? अनब्लॉक केल्याने मैत्री आपोआप जुळत नाही, नव्याने विनंती पाठवावी लागते. व्हॉट्सॲपवरही ब्लॉक असताना पाठवलेले मेसेज नंतर पोचत नाहीत. त्याच्या फोनवर एकच टिक राहिली असेल. चार वर्षांत त्याने मला काही लिहिले का, हे त्यालाच विचारावे लागेल.

फ्रेंड रिक्वेस्ट पाठवून हे भागवता आले असते. पण अपमान मी चारचौघांत केला आणि माफी मात्र खासगीत, कोणाला न कळेल अशी मागायची, हे मला पटेना. म्हणून आपल्या पानाची जागा मागतो. मी त्याच्या मुलाबद्दल लिहिले ते नीचपणाचे होते. मुलाचीही माफी मागतो, त्याचा तर या वादाशी काडीचा संबंध नव्हता. राजभाषेबद्दलचे माझे मत तेच आहे, त्यावर त्याने खुशाल भांडावे.

माझे नाव छापू नये, त्यावरून मुलगा ओळखला जाईल. मित्राला नावाची गरज नाही. तो आपले दैनिक पत्रांच्या पानापासून वाचायला घेतो, पेढ्यांपाशी आला की समजेल.

यंदा आमच्या घरी आरती चवथीच्या दुसऱ्या रात्री, नऊला. घुमटाच्या साथीचे शामेळ हे वाद्य चार वर्षे माझ्याच माळ्यावर पडून आहे, उतरवून पुसून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली