ड्रोन पकडणाऱ्यालाही शिकवा

महोदय,

लग्नसराईच्या तोंडावर कोकणातल्या किनाऱ्यांवर प्री-वेडिंगच्या चित्रीकरणासाठी छोटे ड्रोन घिरट्या घालू लागतात. वाळूत उतरवले तर पंख्यांच्या वाऱ्याने उडालेली वाळू मोटरमध्ये आणि कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलमध्ये जाते, म्हणून आम्ही छायाचित्रकार ते हातावरच उतरवतो. त्यात गैर काही नाही. खटकते ते हे, की पकडण्याचे काम आयत्या वेळी दिवे सांभाळणाऱ्या मुलाकडे येते आणि त्याला ‘धर’ एवढेच सांगितले जाते.

गेल्या हंगामात माझ्या मदतनिसाच्या तर्जनीला असेच टाके पडले. चूक माझी होती. ड्रोनच्या पोटाखालच्या सेन्सरना त्याचा तळहात म्हणजे अडथळा वाटला आणि ड्रोन वर सरकला; तो निसटतोय असे समजून मुलाने एका बाजूने झडप घातली. ड्रोन कलंडला की स्वतःला सावरण्यासाठी त्याच्या मोटरी अधिक जोराने फिरतात, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, आणि आमच्या धंद्यात बहुतेकांकडे याच वजनाचा ड्रोन असतो. साहजिकच उडवणाराही स्वतःच शिकलेला. पकडणाऱ्याचे तर नावच नको.

आता मी वारा पाठीवर घेऊन उभा राहतो, म्हणजे झुळूक आली तरी ड्रोन आमच्यापासून दूर ढकलला जातो. त्याची शेपटी आमच्याकडे ठेवून तो दीड-दोन हातांवर स्थिर करतो. मग ड्रोनने माणसाकडे यायचे नाही, माणसाने तोंड बाजूला ठेवून त्याच्याकडे जायचे, आणि बोटे पंख्यांच्या पातळीखाली ठेवून पोट खालून घट्ट, सरळ धरायचे. मी रिमोटवरची थ्रॉटलची, म्हणजे ड्रोन वर-खाली नेणारी, दांडी पूर्ण खाली दाबून ठेवतो. पाती थांबेपर्यंत पकडणाऱ्याने हात हलवायचा नाही. ओढणी, सैल बाही, मोकळे केस असलेल्यांनी आणि हौशी नवरदेवांनी लांबच राहावे.

छायाचित्रकार संघटनांच्या कार्यशाळांत कॅमेऱ्यांची नवी मॉडेले तासन्‌तास दाखवतात. त्यांतली पंधरा मिनिटे मदतनिसांना समोर बसवून एवढे करून दाखवावे. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला की मात्र मी हातावर उतरवायचा हट्ट सोडतो आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेली सतरंजी अंथरतो.

— एक छायाचित्रकार, रत्नागिरी