पैशांचं छापलंत, प्ले कोण सांगणार ते राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या पैशांविषयी एक टिपण आलं होतं. त्यात ओहायो स्टेट विद्यापीठाचं नाव होतं, म्हणून हे पत्र. मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. लग्न होऊन या विद्यापीठाच्या गावी, कोलंबसला आले आणि इथल्या लाल-करड्या जर्सीच्या नादाला लागले. फुटबॉलसाठी गाव वेडं होतं ही गोष्ट मला नवीन नव्हती. फक्त इथला चेंडू लांबोडका आणि खेळ साफ वेगळा.

टिपणातला आकडा खरा आहे. यंदाच्या, म्हणजे २०२४च्या संघावर साधारण दोन कोटी डॉलर, म्हणजे १६५ कोटी रुपयांच्या वर खर्च झाल्याचं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलंय. मिसिसिपीहून क्विनशॉन जडकिन्स आला, अलाबामाहून केलेब डाउन्स, कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा गडी. बाहेरून माणसं आणल्यावर गावात जी कुरकुर होते ती इथेही झाली. आपल्या कोल्हापुरातल्या तालमींनी फुटबॉलच्या मैदानात परदेशी खेळाडू उतरवले तेव्हा कट्ट्यावर काय काय ऐकलंय ते आठवतंय मला. पण जानेवारी ते ऑगस्ट इथे नुसती खरेदीच चालली होती, असा जो सूर आपण लावलात तो पटला नाही. या आठ महिन्यांतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी प्ले सांगायचं काम सोडलं.

हे काम म्हणजे काय, तर या खेळात दर काही सेकंदांनी खेळ थांबतो आणि पुढची चाल मैदानाबाहेरून ठरते. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. कोणी पळायचं, कोणी कोणाला अडवायचं, चेंडू कुणाकडे जायचा, हे सगळं एक माणूस हातातला कागद बघून सांगतो. डे मुख्य प्रशिक्षक झाल्यापासून तो कागद मुख्यतः त्यांच्याच हातात. गेल्या हंगामाअखेर त्यांचे ५६ विजय आणि ८ पराभव. दुसऱ्या एखाद्या गावाने एवढ्यावर पुतळा उभारला असता. पण त्या आठांतले तीन कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून, तेही लागोपाठ : ४२-२७, ४५-२३, ३०-२४. इथे बाकीचं कोणी मोजत नाही. वर २९ डिसेंबरला कॉटन बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात मिसुरीसमोर आपले सगळे मिळून तीन गुण! कोलंबसमध्ये तो आठवडा सुतकासारखा गेला.

जानेवारीत आक्रमणाचे नवे प्रशिक्षक म्हणून बिल ओब्रायन यांना आणलं. काही आठवड्यांतच त्यांना बॉस्टन कॉलेजचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं आणि ते निघाले. मग ९ फेब्रुवारीला त्याच जागी चिप केली आले. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून आणि पगार बराच कमी घेऊन. पैशांच्या टिपणात ही एक ओळ यायला हवी होती असं मला वाटतं.

केली आणि डे दोघेही न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरचे, एकाच शाळेत शिकलेले. डे कॉलेजात क्वार्टरबॅक होते तेव्हा त्यांच्या आक्रमणाचे प्रशिक्षक केलीच. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्कोत, डे त्यांच्या हाताखाली राबले. आता साठीचे गुरुजी पंचेचाळीस वर्षांच्या शिष्याच्या हाताखाली आलेत. आपल्याकडच्या एखाद्या वस्तादाला हे जमेल का, विचारून बघा. (विचारताना दोन पावलं लांब उभे राहा.)

केलींचं नाव झालं ते ऑरेगन विद्यापीठात. २००९ ते २०१२ या चार हंगामांत ४६ विजय, ७ पराभव. समोरच्याला श्वास घेऊ न देता एक चाल संपली की लगेच पुढची चाल, आणि खुणेसाठी बाजूला चित्रविचित्र फलक धरलेली पोरं. गंमत म्हणजे २०१०च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात त्याच ऑरेगनला ओहायो स्टेटने २६-१७ हरवलं होतं. आता फलकांची गरजच उरली नाही. यंदापासून एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असेल. प्रशिक्षक थेट त्याच्या कानात बोलणार आणि चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद. मिशिगनवर खुणा चोरल्याचा आरोप झाला त्यानंतर हा नियम आला, तेव्हा आमच्याकडे तो जरा जास्तच आनंदाने ऐकला गेला.

वसंतात सरावाची पंधराच सत्रं मिळतात. १३ एप्रिलच्या सराव सामन्याला ऐंशी हजारांच्या आसपास माणूस लोटला होता, त्यात मीही. नव्या मुलांच्या हेल्मेटवर काळी पट्टी असते. जागा कमावली की ती काढतात. जेरेमाया स्मिथ या नवख्या रिसीव्हरची, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची, पट्टी यंदाच्या मुलांत सर्वांत आधी निघाली. त्याला धावताना बघितलं आणि त्याच्यासाठी प्ले कोण सांगतोय याने काही फरक पडायचा नाही असं वाटून गेलं.

फरक पडेल तो समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या पाच धिप्पाड मुलांमुळे. अलाबामाहून सेथ मॅकलॉफ्लिन हा सेंटर, म्हणजे त्या पाचांतला मधला, आणला, पण उजव्या बाजूची भिंत पक्की झाल्याचं मला अजून दिसलेलं नाही. जडकिन्स आणि ट्रेव्हिऑन हेंडरसन असे दोन पळणारे हाताशी असताना केलींनी ऑरेगनची ती घाई इथे आणू नये. सावकाश पळवावं, समोरच्याला दमवावं. चाल झटपट फसली की आपलाच बचाव पुन्हा मैदानात उभा राहतो, याचा विचार घाईवाले करत नाहीत.

आणखी एक शंका आहे. केलींनी कागद घेतलाय खरा, पण पहिल्या मोठ्या पिछाडीला डे तो परत मागतील का? ३१ ऑगस्टला अॅक्रनसमोर हे कळणार नाही, तो सामना कोणीही प्ले सांगितले तरी जिंकू. १२ ऑक्टोबरला संघ यूजीनला जातोय, केलींच्याच जुन्या मैदानावर, ऑरेगनशी खेळायला. त्या सामन्याची बातमी जरूर छापा. आणि छापलीत तर शेवटपर्यंत प्ले कोण सांगत होतं, तेही एका ओळीत लिहा.

आपली,
एक कोल्हापूरकर वाचक
कोलंबस, ओहायो
२२ ऑगस्ट २०२४