गुड फ्रायडेला मिस्सा नसते

महोदय,

मार्च-एप्रिल आला की मराठी वृत्तपत्रांत दोन गोष्टी हमखास दिसतात. ‘गुड फ्रायडेनिमित्त विशेष मिस्सा’ ही बातमी आणि ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ ही जाहिरात. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरी तर भाविकाला लागते. तो येशूच्या मृत्यूचा दिवस. त्यातल्या ‘गुड’चा जुना अर्थ ‘पवित्र’. ‘शुभ शुक्रवार’ या भाषांतराने घोटाळा आणखी वाढवला आहे.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा ही मुख्य उपासना एरवी रोज होते. पण या शुक्रवारी आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत ती कुठेच होत नाही. हे दोन दिवस मिस्सा न करण्याचा उल्लेख पोप पहिले इनोसंट यांच्या इ.स. 416 मधल्या पत्रातही आहे. मिस्सेत धर्मगुरू भाकर व द्राक्षरस अर्पण करतात. शुक्रवारी हे अर्पणच होत नाही. त्या दिवशी होतो तो ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा विधी. 1956 पासून तो दुपारी, शक्यतो तीनच्या सुमारास, होतो. त्याआधी तो सकाळी व्हायचा.

वेदीवर त्या दिवशी चादर, मेणबत्ती, क्रूस काहीच नसते. प्रवेशगीतही नसते. तांबड्या वस्त्रातले धर्मगुरू वेदीपुढे जमिनीवर पालथे पडतात, लोक गुडघे टेकतात आणि चर्चभर नुसती शांतता असते. मग यशयाच्या ग्रंथातला दुःखी सेवकाचा उतारा, इब्री लोकांस पत्र आणि शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 18 व 19. येशूने प्राण सोडल्याचे वाक्य आले की वाचन थांबते, सगळे गुडघ्यांवर. त्यानंतरच्या दहा प्रार्थनांत एक यहुद्यांसाठी, एक ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, एक देवच न मानणाऱ्यांसाठी आणि एक राज्यकर्त्यांसाठी असते. ही गोष्ट बातमीत यायला हवी, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती ठाऊक नसते.

पुढे क्रूसवंदन. नियमानुसार वंदनासाठी क्रूस एकच हवा. गर्दी मोठी असली की रांग आवरत नाही म्हणून काही ठिकाणी चार-पाच क्रूस मांडतात. ते योग्य नाही. अशा वेळी धर्मगुरूंनी तोच क्रूस उंच धरावा आणि सर्वांनी जागेवरूनच मूक वंदन करावे, असे विधिग्रंथच सांगतो.

शेवटी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र केलेली भाकर. तो गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत पवित्र केलेला असतो. त्या मिस्सेआधी प्रसादाची पेटी रिकामी ठेवायची असल्याने गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवसांच्या पातळ बेखमीर चकत्या गुरुवारीच मोजून ठेवाव्या लागतात. अंदाज चुकला तर शुक्रवारी नव्याने पवित्र करता येत नाही. मग एका चकतीचे दोन किंवा चार तुकडे करतात. त्याने काही उणे पडत नाही. लहानशा तुकड्यातही ख्रिस्त पूर्णच असतो, ही चर्चची शिकवण आहे.

वृत्तपत्रांतली छायाचित्रे बहुधा ‘क्रुसाच्या वाटे’ची, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीचे प्रसंग आठवत केलेल्या प्रार्थनेची असतात. तिची चौदा स्थाने ही वेगळी भक्ती, तिला मिस्सा म्हणू नये. त्यातली येशूची तीन पतने आणि वेरोनिका नावाच्या स्त्रीने त्याचा चेहरा पुसल्याचा प्रसंग बायबलमध्ये नाहीत, परंपरेतून आले आहेत.

गुड फ्रायडेच्या उपवासाविषयीही गैरसमज फार. मराठी कानाला ‘उपवास’ म्हटले की साबुदाणा आठवतो. इथे पदार्थांची यादी नसते. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत दिवसात एकच पोटभर जेवण, शिवाय दोनदा थोडेसे खाता येते, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतके होता कामा नये. मांसवर्ज्य हा वेगळा नियम आणि तो चौदा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू. त्यात मासे, अंडी, दूध चालते. म्हणून त्या दिवशी ख्रिस्ती घरात मासळी शिजली तर नियम मोडला असे समजू नये. आजाऱ्यांना अर्थातच सूट असते.

बातमीदारांना कळकळीची विनंती आहे. शुक्रवारच्या बातमीत ‘विधी’ किंवा ‘उपासना’ लिहावे. मिस्सा शनिवारी रात्री, ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, जागरणात, नव्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती पेटवल्यानंतर होते. शुभेच्छा तेव्हापासून द्याव्यात, आम्ही त्या आनंदाने घेऊ.

— एक कॅथलिक वाचक, वसई