तिहेरी गोळीवर तिन्ही नावे ठळक छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उच्च रक्तदाबासाठी दोन-तीन औषधे थोड्या थोड्या मात्रेत एकाच गोळीत घालण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. नाना पेठेत मी सत्तावीस वर्षे औषधांचे दुकान चालवते. या नव्या गोळ्या आपल्याकडे लवकर याव्यात असे मला मनापासून वाटते. पण त्या काउंटरवर येतील तेव्हा त्यांच्यावर काय छापलेले असेल, या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

दरवर्षी तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामी असते, तेव्हा आम्ही दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवतो. वारकरी येतात, पिशवीतून कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा काढतात आणि म्हणतात, "माऊली, अशीच द्या, बीपीची आहे." तुकड्यावर ब्रँडच्या नावाची अर्धी अक्षरे असतात, शेवटी कधी 'एएम', कधी 'एच', कधी 'सीटी'. सगळा अर्थ त्या शेपटात असतो. 'एएम' म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन. शेवटची दोन्ही लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी. दिवसभर उन्हातून चालून आलेल्या आणि वाटेत जुलाब लागलेल्या माणसाच्या गोळीत असे औषध आहे की नाही, हे त्याला आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना कळलेच पाहिजे. तुकड्यावरून ते बहुतेक वेळा कळत नाही. (स्ट्रिप कापून देणारे आम्ही दुकानदारच, हे मला मान्य आहे. पण महिनाअखेरीला "दहाच द्या" म्हणणाऱ्याला मी नाही कसे म्हणू?)

आमच्या गल्लीतले एक आजोबा फॅमिली डॉक्टरांकडची टेल्मिसार्टन ४० ही रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षे घेत होते. न्यूमोनियासाठी एका रुग्णालयात राहून आले, तेव्हा घरी जाताना दुसऱ्या ब्रँडची तिहेरी गोळी लिहून मिळाली. जुनी बंद करा, असे कोणी सांगितले नाही. नावे वेगळी, म्हणून औषधेही वेगळी असे समजून ते दोन्ही घेत राहिले. पंधराव्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडले. दोन्ही स्ट्रिप घेऊन सूनबाई माझ्याकडे आली, तेव्हा भिंग लावून मी बारीक अक्षरे वाचली : टेल्मिसार्टन दोन्हींत होते.

एवढे सांगूनही मी मिश्र गोळ्यांच्या बाजूची आहे. रक्तदाबाच्या एकाच औषधाची मात्रा दुप्पट केली की परिणाम दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढतो. अ‍ॅम्लोडिपिन पाचचे दहा केले की घोटे सुजल्याची तक्रार घेऊन माणूस येतो आणि पुढच्या महिन्यात गोळीच सोडतो. त्याऐवजी अ‍ॅम्लोडिपिन कमी ठेवून टेल्मिसार्टन जोडले तर रक्तदाब जास्त उतरतो आणि सूजही कमी राहते. पाणी काढणाऱ्या औषधाने पोटॅशियम घटते, टेल्मिसार्टन ते राखते. एकाचे उणे दुसरे भरून काढते.

श्रीलंकेत ७०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या मात्रेची तिहेरी गोळी घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचा रक्तदाब सहा महिन्यांत ठरवलेल्या पातळीखाली आला. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण ५५ टक्के होते. ऑस्ट्रेलियात चार औषधे प्रत्येकी पाव मात्रेत देऊन पाहिली. बारा आठवड्यांनी ७६ टक्के विरुद्ध एकाच औषधाने ५८ टक्के. आपल्या देशातही ३२ केंद्रांमध्ये सुमारे दोन हजार रुग्णांवर दोन-दोन औषधांच्या तीन जोड्या तपासल्या गेल्या आणि तिन्ही सारख्याच उपयोगी ठरल्या. अमेरिकेने जून २०२५ मध्ये टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि इंडापामाइड (हेही पाणी काढणारेच) यांच्या तिहेरी गोळीला मंजुरी दिली, तीही उपचाराची सुरुवात तिने करता येईल अशी. तिची सर्वांत लहान मात्रा १०, १.२५ आणि ०.६२५ मिलीग्रॅम आहे. माझ्या कपाटात तिहेरी गोळ्या भरपूर आहेत, पण टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि 'एच' किंवा 'सीटी' १२.५ च्या. सत्तरीतल्या बारीक चणीच्या बाईला देण्यासारखी छोटी मात्रा नाही. ती यायला हवी.

आता मुद्द्यावर येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने लेबलचा नियम बदलला. औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँट मोठे छापायचे, असे ठरले. चांगला नियम आहे. पण तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्र गोळ्यांना ही अट लागू नाही. जिथे नाव वाचता येण्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच सूट! जागा पुरत नाही, हे कारण असेल तर स्ट्रिप मोठी करा. टेल्मिसार्टनसारखे औषध गरोदरपणात घ्यायचे नसते. तिशीतल्या मुलीला रक्तदाबाची गोळी लागणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि आपल्या गोळीत ते आहे हे तिला 'सीटी'वरून कसे कळणार?

मिश्र औषधांबद्दल लोकांच्या मनात आधीच संशय आहे, आणि तो उगाच नाही. कशातही काहीही मिसळून विकण्याचे प्रकार आपल्याकडे इतके झाले की सरकारला २०१६ मध्ये ३४४ आणि २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी घालावी लागली. रक्तदाबाच्या या गोळ्या त्या रांगेतल्या नाहीत. पण लोकांनी तसे मानायला हवे असेल, तर आत काय आहे ते उघड दिसले पाहिजे.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी रक्तदाबाच्या तिहेरी गोळ्यांपुरती तरी ही सूट काढावी, आणि तिन्ही नावे व मात्रा प्रत्येक गोळीच्या मागे छापायला लावावी, म्हणजे स्ट्रिप कशीही कापली तरी ती राहतील. शहरातल्या डॉक्टरांना विनंती, घरी सोडताना नवी गोळी लिहाल तेव्हा कोणती जुनी बंद करायची तेही त्याच कागदावर मराठीत लिहा.

तोपर्यंत मी कागदी पाकिटावर पेनाने लिहून देते : 'यात तीन औषधे आहेत. एक पाणी काढणारे. उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना विचारा.' पालखीच्या दोन दिवसांत अशी पाकिटे लिहिता लिहिता हात भरून येतो.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती, नाना पेठ, पुणे