पहिल्या रेकॉर्डिंगला जाण्याआधी

चिरंजीव सोनूस अनेक आशीर्वाद.

ट्रॅक आला, तारीखही ठरली. आता आधी पट्टीचं बघ. लहानपणी तू काळी पाचमध्ये गायचास आणि वरच्या षड्जावर थांबलास की टाळ्या पडायच्या. आवाज फुटल्यावर तुझी पट्टी काळी एकवर आली, पण टाळ्यांची जागा तू अजून वरच शोधतोस. संगीतकाराने डेमो स्वतःच्या गळ्याने गायलेला असतो, त्यामुळे ती पट्टी तुला बसेलच असं नाही. अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ सलग दहा वेळा म्हणून बघ, कारण स्टुडिओत ती तेवढ्या वेळा म्हणावी लागतेच. दहाव्या वेळी गळा आवळला तर अर्धा स्वर खाली माग, आणि बासरी-सतार वाजण्याआधी माग. वाद्यं वाजून झाल्यावर पट्टी संगणकावर ओढून बदलावी लागते. अर्ध्या स्वरापर्यंत खपून जातं, त्यापुढे बासरीची फुंक खोटी वाटू लागते. नव्या मुलाने पट्टी बदलून मागितली म्हणून कुणी रागावत नाही. ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी मागितली तर मात्र रागावतात.

कार्यक्रमातला डायनॅमिक माइक ओठांना लावून गायचा असतो. स्टुडिओतला कंडेन्सर तसा नाही. त्याच्यापासून वीतभर लांब उभा राहा, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाचा वारा अडवणारी जाळी, असेल. जवळ गेलं की हा माइक आवाजातला खर्ज फुगवतो. एक टेक, म्हणजे एकदा गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग, चार बोटांवरून आणि दुसरा वीतभरावरून दिलास तर दोन्हींचा पोत वेगळा होतो आणि चांगल्या ओळी निवडून जोडताना सांधा कानाला लागतो. म्हणून पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावून घे. वरच्या स्वराला माइक हातभर दूर न्यायची तुझी सवय इथे उपयोगाची नाही, अर्धं पाऊल मागे सरकलास तरी पुरे. फ आणि भ यांचा वारा जाळीतूनही पोहोचतो. असे शब्द आले की तोंड माइकच्या किंचित बाजूला रोख. हातातलं कडं, कडक इस्त्रीचा शर्ट, कागदाची सळसळ, सगळं टिपलं जातं. शब्द मोठ्या अक्षरांत लिहून स्टँडवर लाव आणि श्वासाच्या जागी खुणा कर.

हेडफोनबद्दल संकोच करू नकोस. ट्रॅक फार मोठा असेल तर आपला आवाज नीट ऐकू येत नाही आणि सूर हलतो. कानात रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, जास्त असेल तर सगळंच गोड लागतं आणि चुकलेला सूर लपतो. ट्रॅक कमी, आपला आवाज थोडा वर आणि बारीक तानपुरा, एवढं माग. एक कान उघडा ठेवणार असशील तर हेडफोनची ती बाजू डोक्याला दाबून धर, नाहीतर क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, माइकमध्ये गळते आणि शांत जागी टकटक ऐकू येते. आपलाच आवाज कानात उशिरा येत असेल तर लगेच सांग, इंजिनिअर संगणकातला बफर कमी करून तो उशीर घालवतो. क्लिकची तालीम घरूनच करून जा. मैफलीत समेला उशीर झाला तर तबलजी सांभाळून घेतो, क्लिक घेत नाही. मूळ लयीपेक्षा थोड्या संथ लयीत गाणं म्हणून बघ. जिथे घाई होते ती जागा तिथे उघडी पडते.

गाताना आधी अख्खं गाणं तीनदा म्हण, मग एकेक ओळ दुरुस्त कर. सुरुवातीलाच ओळीओळीने गेलं की गाण्याचा चढ-उतार हरवतो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची तुझी कसरत इथे कर्कश वाटेल. ऐकणारा फूटभरावर बसलाय असं धरून गा. सूर सॉफ्टवेअरने दुरुस्त होतात हे खरं, पण आपोआप दुरुस्ती लावली की मींड पायऱ्यांसारखी तुटते आणि मुरकी सपाट होते. एखादाच स्वर हाताने सावरला तर चालेल. त्यापेक्षा आणखी एक टेक बरा.

नकलेचंही सांगते. स्पर्धेत मूळ गायकासारखं गाणाऱ्याला गुण मिळतात, पण संगीतकाराला तो मूळ आवाज हवा असेल तर तो तुला कशाला बोलावेल? कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत, तरीही पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला बसलेच.

आदल्या रात्री तिखट आणि उशिराचं जेवण नको, आम्ल वर आलं की सकाळी आवाज जड होतो. घसा बसला तर कुजबुजू नकोस, गप्प राहा. कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. तीन आठवड्यांच्या वर घोगरेपणा राहिला तर दुर्बिणीने तपासून घ्यायचं, काढे पीत बसायचं नाही.

आता कराराचा कागद. लताबाईंनी साठच्या दशकात गायकाच्या रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या कमाईतल्या वाट्याचा, आग्रह धरला. एकदा मानधन घेतलं की संपलं, असं रफीसाहेबांचं म्हणणं. त्यावरून काही काळ दोघं एकत्र गायलीच नाहीत. व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीवर गायकाचा हक्क २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने कायद्यात आला, आणि २०१३ मध्ये गायकांची इस्रा ही संस्था उभी राहिली. आता तिचं नाव इसाम्रा आहे. तिचं सदस्यत्व घे. पुढे चाली बांधू लागलास तर गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे. ध्वनिमुद्रणाची मालकी सहसा पैसे घालणाऱ्या निर्मात्याकडे जाते, त्यावर भांडू नकोस. मुदत आणि प्रदेश मात्र वाच. करारात हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणूनच कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आवर्जून घालतात. त्याहून जाचक अट म्हणजे इतरांसाठी न गाण्याची. ती एका गाण्यापुरती आहे की काही वर्षांची, ते विचार. ‘पुढच्या गाण्यांवर पहिला हक्क’ असं असेल तर गाण्यांची संख्या लिहून घे.

गाणं चढवताना नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेव. एक अक्षर बदललं तरी ॲपवर तुझी दोन पानं होतात आणि ऐकणारे विभागले जातात. गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, मागून घे आणि लिहून ठेव.

कराराचा मसुदा आला की सहीआधी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो पाठव.

तुझी,
आई