घरची गाडी मुलाच्या हाती देताना

महोदय,

मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि वाहन परवाना मिळाला की घरची मोटार त्याच्या हाती द्यावी का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्याकडे तो निघाला तेव्हा विमा एजंटाने ‘फुल इन्शुरन्स आहे, कोणीही चालवा’ असे सांगून विषय मिटवला. पॉलिसी स्वतः वाचल्यावर मात्र हे उत्तर अर्धेच खरे असल्याचे लक्षात आले.

आपल्याकडे हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडीची किंमत, वय आणि इंजिनाची क्षमता यांवर. घरात ती आणखी कोण चालवते, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे परवानाधारक मुलाच्या हातून अपघात झाला, तरी दुरुस्तीचा खर्च आणि तिऱ्हाइताची भरपाई यांना संरक्षण असते. शिकाऊ परवानाही चालतो, मात्र शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती आणि गाडीवर ‘एल’ची पाटी हवी. (दुरुस्तीचा दावा केला की वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो, हे दुखणे वेगळेच.)

खरी उणीव आहे ती गाडी चालवणाऱ्याच्या जिवाबाबत. 15 लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण केवळ मालक-चालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच लागू होते. वडिलांची गाडी चालवताना मुलगा दगावला, तर ही रक्कम मिळत नाही. शिवाय, मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी येतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रामखिलाडी प्रकरणात स्पष्ट केल्यामुळे, दुसऱ्या वाहनाची चूक नसेल तेव्हा घरच्या गाडीच्या थर्ड पार्टी (तिऱ्हाइतासाठीच्या) विम्याचाही आधार उरत नाही.

अठरा वर्षांखालील मुलाला चावी देणाऱ्या पालकांची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. शिवाय तिऱ्हाइताला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेल्यावरही शाळकरी मुले बिनधास्त गाड्या चालवताना दिसतात.

कुटुंबातील इतरांसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते, पण ते मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जातच ‘घरातील आणखी कोणी ही गाडी चालवते का’ असा प्रश्न मराठीत छापून, त्याखाली या जादा संरक्षणाची रक्कम आणि हप्ता नमूद करण्याचे बंधन विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांवर घालावे.

– एक पालक, सातारा