औषध गाळायचं कसं

न्यूअर्क, डेलावेअर

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

परवा फोन तुटला आणि बाबांचा प्रश्न अर्धाच राहिला: "औषध पेशी बनवतात, मग तू काय करतेस?" मी ते गाळते. हे पत्र साताऱ्याला आत्यालाही पाठवा, तिच्या ट्रास्टुझुमॅबची, म्हणजे कॅन्सरवरच्या तिच्या औषधाचीच, ही गोष्ट आहे.

हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी, ठरावीक लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन. ती चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींत तयार होते. तिच्याबरोबर त्या पेशींची प्रथिनं, डीएनएचे तुकडे असा बराच कचरा येतो. म्हणून सगळं मिश्रण प्रोटीन-ए लावलेल्या मण्यांच्या कॉलममधून, म्हणजे मण्यांनी भरलेल्या नळीतून, सोडतात. हे प्रोटीन मूळचं एका जंतूचं, स्टॅफिलोकोकस ऑरियसचं. ते अँटिबॉडीला धरून ठेवतं, कचरा धुऊन निघतो, मग आम्लाने अँटिबॉडी सोडवतात. पद्धत नामी, पण ते मणी, म्हणजे रेझिन, इतकं महाग, की बाबा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात तुमच्यापुढे हा खर्च आला असता तर तुम्ही सहीच केली नसती.

आम्ही तो कॉलमच टाळायला बघतोय. त्वचेला लवचिक ठेवणाऱ्या इलॅस्टिनच्या धर्तीवर पाच अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून एक साखळी ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घ्यायची आणि तिला प्रोटीन-एवरून घडवलेला छोटा भाग जोडायचा. थंड असताना ती विरघळलेली असते आणि अँटिबॉडीला पकडते. थोडं मीठ घालून कोमट केलं की साखळ्या आपसूक एकमेकींना बिलगतात, द्रव गढुळतो, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवलं की अँटिबॉडीसकट सगळं तळाशी बसतं. आई, दूध नासतं ना, तसंच. फक्त हे गार केलं की परत विरघळतं! मग आम्लाने पकड सोडवायची आणि पुन्हा कोमट करायचं: आता साखळी तळाशी, अँटिबॉडी वर. तीच साखळी पुढच्या खेपेला वापरता येते. गरम केल्यावर विरघळायचं सोडून बाहेर पडणारा पदार्थ, मला याची मजा अजून वाटते.

घोडं अडतं ते आम्लापाशी. काही अँटिबॉडींच्या त्यात गुठळ्या होतात, आणि गुठळ्या शरीरात गेल्या तर आपली प्रतिकारशक्ती औषधावरच उलटू शकते. शिवाय साखळीचा अंशही औषधात उरला नाही, हे सिद्ध करावं लागतं.

तेव्हा आमच्या कामाने आत्याचं इंजेक्शन इतक्यात स्वस्त होणार नाही. पण ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय बायोसिमिलरला, म्हणजे मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाला, 2013 मध्येच परवानगी मिळाली आहे. तिला कोणतं देतात, हे डॉक्टरांना विचारायला सांगा. लाजू नको म्हणावं.

बाकी ठीक. सेव-उसळ मिळत नाही, एवढंच.

तुमची,
मनू